मरायची मोकळीक

देवक बसल्याला नऊ दिवस झाले तरी कुंडलिक मेला नव्हता, आणि घरातल्या माणसांना आता ते जड जायला लागलं होतं.

तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. पण सकाळी तो पडवीत उठून बसला, की तेवीस माणसं एकदम त्याच्याकडं बघायची आणि एकदम दुसरीकडं बघायची. गाडी यायची वेळ टळून गेली, की फाट्यावरची माणसं रस्त्याकडं बघतात, तशी.

दोष कुणाचाच नव्हता. माघात पुण्याच्या मोठ्या डॉक्टरनं इवल्याशा आरशातून कुंडलिकच्या डोळ्यात उजेड सोडून आत पाहिलं होतं, आणि भोरच्या श्रीपाद डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली होती. श्रीपाद डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली. चिठ्ठी तीच राहिली. मेंदूत गाठ आहे, वाईट जातीची आहे. मुंबईला एकजण कवटी उघडून बघतो, पण उघडल्यावर पुढं काय करायचं हे तोही उघडल्यावरच ठरवतो. दिवस किती, तर तीन महिने, सहा महिने; सांगता येत नाही, आजही होईल.

यातला ‘आजही’ एवढा एकच शब्द थोरल्या भावानं, चिमाजीनं, पदरात बांधून पासलीला आणला.

कारण कुंडलिकच्या रतनचं लग्न ठरलं होतं. किकवीच्या आनंदरावांचा थोरला पोरगा, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. बाप मधेच गेला तर सुतक, सुतक म्हणजे लग्न लांबणीवर, आणि लांबणीवर पडलेलं लग्न दुसऱ्याच गावात लागलेलं चिमाजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं तीन दिवस सुपारी कातरत विचार केला. चौथ्या दिवशी त्याला उजेड पडला. एकदा घरात लग्नाचं देवक बसलं, की ते उठेपर्यंत त्या घराला सुतक लागत नाही. लोक लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवतात. चिमाजीनं ते एकवीस दिवस आधी बसवायचं ठरवलं.

“असं कुठं लिहिलेलं नाही,” भटजी म्हणाले.

“बसवू नगं, असं लिवलंय का?”

तसंही लिहिलेलं नव्हतं. मारुतीच्या देवळातून वाजतगाजत पंचपालवीच्या, पाच झाडांच्या डहाळ्या आल्या, देव्हाऱ्याशेजारी सुपात बसल्या, आणि कुंडलिकला मरायची मोकळीक झाली.

चूक दुसऱ्या दिवशी ध्यानात आली. देवकाची हळद ज्याच्या अंगाला लागली, त्यानं देवक उठेपर्यंत गावची शीव ओलांडायची नसते. एक दिवसाचा प्रश्न असतो तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण चिमाजीनं आनंदाच्या भरात दिसेल त्याला हळद लावली होती. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांनाही लावली होती. आता तेवीस माणसं पासलीत अडकून पडली होती, आणि त्यांना करायला काम एकच होतं, ते म्हणजे कुंडलिककडं बघणं.

“बना, गूळ करपला बघ,” कुंडलिक म्हणाला. सकाळचं त्याचं डोकं म्हणजे आतून कुणीतरी पहारीनं खणत असायचं, आणि खणून झालं की त्याला जळक्या गुळाचा वास यायचा.

“चुलीवर गूळ न्हाई. चूलच अजून पेटली न्हाई,” बनाबाई आतून म्हणाली. पहिल्या महिन्यात ती अशा बोलण्यावर पदर तोंडाला लावून रडायची. आता ती गाय कुठं बांधली हे सांगावं तसं उत्तर द्यायची.

“मंग बरं हाय.” कुंडलिकनं भिंतीला टेकवलेली पहार उचलली.

“ठिव ती,” ठकुबाई म्हणाली. ही त्याची थोरली बहीण. कामथडीहून दोन दिवसांसाठी आलेली, आज नववा. “आजाऱ्यानं आजाऱ्यावानी ऱ्हावं कुंडल्या. माझी म्हस तिकडं आज-उद्या व्यायची, आन् म्या हितं तुझ्यापायी अडकून पडले.”

“माझ्यापायी न्हाई आक्का. दादाच्या हळदीपायी.”

“त्ये बी खरंच,” ठकुबाई म्हणाली, आणि तिनं चिमाजीकडं असं बघितलं की तो कातरत होता ती सुपारी खाली पडली. ठकुबाईचं असंच होतं. न्याहारीपर्यंत ती थोरल्या भावाच्या बाजूनं असायची, न्याहारीनंतर धाकट्याच्या, आणि म्हशीची आठवण आली की दोघांच्याही विरुद्ध.

चिमाजी उठून उंबऱ्यात आडवा उभा राहिला. “कुठं निघाला?”

“खाचरावर.”

“मधी शीव हाय.”

“शीव वढ्यात हाय दादा. वढा कोरडा ठाक पडलाय.”

“वढा कोरडा पडलाय. शीव न्हाई वाळली.”

हे बोलणं गेले आठ दिवस रोज, याच शब्दांत, याच उंबऱ्यात व्हायचं. रतन आता पाण्याची घागर घेऊन बाजूला थांबायची, दोघांचं संपलं की मधून निघून जायची.

ओढ्याच्या पलीकडं, शेजारच्या गावच्या हद्दीत, त्यांचा वरकस जमिनीचा एक उतार होता. नाचणीसुद्धा तिथं नाखुशीनं यायची. पुण्याहून परत आल्यावर आठव्या दिवशी कुंडलिक तिथं गेला आणि खणायला लागला. उतार कापून त्याला भाताचं खाचर करायचं होतं. खालच्या अंगाला दगडांचा ताल रचायचा, वरून वाहून येणारी माती त्याच्यामागं अडवायची, साठवायची. नव्या खाचरात भात उभं राहायला तिसरं वर्ष उजाडतं, हे पासलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरनं सांगितलेले महिने आणि खाचराची वर्षं यांचा मेळ कुंडलिकनं घातलाच नव्हता, किंवा घालून त्याला तो पसंत पडला नव्हता.

“कशापायी पर?” बनाबाईनं एकदा विचारलं होतं.

“डोक्यात एक गोष्ट रोज वाढतीया,” तो म्हणाला होता. “म्हनलं, भायेर बी एक वाढू द्यावी.”

बनाबाईनं भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवली होती. मग म्हणाली, “वाढवा. पर जेवून वाढवा.”

आता तालाचं सहा हात खिंडार राहिलं होतं. ते तसंच राहिलं तर डोंगराचं पहिलं मोठं पाणी तिथून घुसणार आणि चार महिन्यांची रचाई ओढ्यात नेऊन टाकणार. लग्न उरकल्यावरही मृगाला दहा-बारा दिवस उरत होते, ते खरं. पण डाव्या हाताचं एकेक बोट हल्ली रजेवर जायला लागलं होतं. करंगळी होळीला गेली, शेजारचं अक्षय्य तृतीयेला. तिसरं कधी निघेल याचा भरवसा नव्हता, आणि कोणतंही बोट रजा संपवून परत आलं नव्हतं.

“आज आनंदराव येत्यात,” चिमाजी आवाज खाली आणून म्हणाला. “नीट ऐक. त्यास्नी म्या नुसती डोकेदुखी हाय, असं सांगितलंय.”

“आन् गावाला?”

“गावाला दोन दिसांचा सोबती.”

“मंग म्या आज कोण?”

“पाव्हणं हायत तवर बरा हायेस. पाव्हणं गेलं की पड.”

“आन् पाव्हण्यांच्या म्होरं गावचं कुनी आलं तर?”

चिमाजीनं याचा विचार केलेला नव्हता. तो करू लागला.

बनाबाई दारात आली. थोरल्या दिराशी ती समोरासमोर कधी बोलत नसे, त्यामुळं गेली सव्वीस वर्षं या घरातला मधला खांब सगळं ऐकून घेत होता. “खांबा,” ती म्हणाली, “थोरल्यास्नी इचार, दुपारच्याला हे बरं हायत का जायला टेकल्यात. म्हंजी त्या बेतानं भाकरी टाकते.”

“तिला सांग, धडधाकट हाय,” चिमाजी खांबाला म्हणाला.

आनंदराव दहाच्या सुमाराला आले. नसरापूरवरून वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, रात्री तिथंच मुक्काम, आणि पहाटेपासून पुढं पायी. गुलाबी फेटा, काळा कोट, सोबत मेहुणा आणि भावकीतले दोन गडी. गूळपाणी झालं. आनंदरावांनी सुपातलं देवक पाहिलं. पंचपालवीची पानं वाळून कोळ झाली होती. ठकुबाई रोज त्यावर पाणी शिंपडायची आणि शिंपडताना एक डोळा कुंडलिकवर ठेवायची, आधी कोण वाळतंय ते बघायला.

“नसरापूरच्या बाजारात एक बोलणं कानावर आलं,” आनंदराव म्हणाले. “आमाला वाटलं थट्टा असंल. एकवीस दिस आधी देवक?”

“आमच्या घराण्यात रीतच हाय,” चिमाजी म्हणाला.

“कवापासनं?” आनंदरावांनी विचारलं.

“नऊ दिस झालं,” कुंडलिक म्हणाला.

चिमाजीनं त्याच्या पायाला पाय लावला. पण तो डावा पाय होता, आणि डाव्या अंगाचं काही कुंडलिकपर्यंत वेळेवर पोचत नसे. तो पुढं बोलतच राहिला. खरं सांगायचं तर त्याला कंटाळा आला होता. मरणाचा एवढा नाही. पण सकाळी बरं असायचं, दुपारी जायला टेकायचं, याचा फारच.

“पाव्हणं, माझ्या डोक्यात गाठ हाय. वाईट जातीची. पुण्याचा डॉक्टर म्हनला, आज बी जाशील न्हाईतर सहा म्हैन्यांनी. पोरगी हाय म्हनून म्या इचारलं, वंशात उतरतं का? त्यो न्हाई म्हनला. म्या मधीच गेलो तर सुतकानं लगीन अडू नये, म्हनून दादानं देवक आदीच बसवलं. तवापासनं म्या कवाबी मरू शकतो. पर वढ्यापल्याड जाऊ शकत न्हाई, आन् माझ्या खाचराचा दगडी ताल अर्धा रचलेला वढ्यापल्याड पडलाय.”

आतून बनाबाईच्या भाकरीची थाप थांबली.

आनंदराव चिमाजीकडं वळले. “तुमी डोकेदुखी म्हनला होता.”

“डोकं दुखतंच की त्याचं,” चिमाजी म्हणाला. पण ते त्याच्यानं नीट निभावलं नाही. हनुवटी हलायला लागली. एवढ्या वर्षांत कुंडलिकनं थोरल्या भावाची हनुवटी हललेली पाहिली नव्हती; ती हलते हेच त्याला माहीत नव्हतं. “पोरगी हाय पाव्हणं. भाऊ हाय. दोनी एकदम सांबाळायचं कसं, त्ये तुमीच सांगा. मला जमलं तसं केलं. न्हाई जमलं नीट.”

ठकुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि त्या एका क्षणापुरती ती पुन्हा चिमाजीच्या बाजूला गेली.

आनंदरावांनी कोटाची गुंडी काढली, लावली. “म्हंजी,” ते सावकाश म्हणाले, “ह्यास्नी मरायला परवानगी हाय, आन् दगूड उचलायला न्हाई.”

“व्हय,” कुंडलिक म्हणाला.

“लगीन ठरल्या दिशी हुईल. खोटं बोलला त्याचं म्या मनात ठिवत न्हाई, पर परत बोलू नका.” ते उठले. “ते खाचर कुठं हाय? बघूया चला.”

अर्ध्या तासात सगळं घर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर होतं. नऊ दिवसांत बघायला काहीतरी नवं मिळालं होतं, त्यामुळं तेवीसच्या तेवीस माणसं आली आणि कुस्त्यांचा फड असावा तशी दगडांवर ओळीनं बसली. ओढ्याच्या मधोमध शेंदूर फासलेला शिवेचा दगड होता. पलीकडं ताल आणि त्यात सहा हात खिंडार, पुढचे दात पडल्यासारखं.

“आमास्नी तुमची हळद लागलेली न्हाई,” आनंदराव म्हणाले. त्यांनी कोट काढून रतनकडं दिला. होणाऱ्या सासऱ्याचा कोट रतननं दोन्ही हातांवर, पूजेचं ताट धरावं तसा धरला. मग आनंदराव, मेहुणा आणि दोन गडी ओढा ओलांडून गेले. मुलीकडं मान घ्यायला आलेले पाहुणे गुलाबी फेट्यानिशी दगड उचलायला लागले, आणि मुलीकडची माणसं बसून बघायला लागली. चिमाजीनं डोळे मिटून घेतले.

“पायाला मोठा घ्या!” कुंडलिक अलीकडून ओरडला. “त्यो न्हवं! त्यो गोल हाय, लोळंल! त्याच्या मागला!”

आनंदरावांची शेती किकवीची, सपाट. त्यांनी उभ्या जन्मात ताल रचला नव्हता. पण सांगेल तसं करत होते.

“आता मधल्या फटीत त्ये घाला... त्ये...” कुंडलिक थांबला. शब्द निघून गेला होता. रोज हाताखालचा शब्द, चाळीस वर्षं वापरलेला, आणि आता त्याच्या जागी नुसती फट. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्याला हे बघणं गाठीपेक्षा जास्त दुखायचं. “त्ये बारकं... दगडाचं पिल्लू!”

“चीप,” चिमाजी हळूच म्हणाला.

पण पलीकडं आनंदरावांनी ऐकलं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. “अरं, पिल्लू दे हिकडं,” ते मेहुण्याला म्हणाले. “न्हाई, ह्ये थोराड झालं. ह्याच्याहून धाकलं दे.” गडी पिल्लं गोळा करायला लागले. थोड्या वेळानं काठावरची माणसंही पिल्लं दाखवायला लागली. तिकडं एक हाय, झुडपाखाली दोन हायत. चिपेचं नाव त्या दिवसापासून त्या घरात पिल्लूच राहिलं.

दुपार कलायला लागली तेव्हा खिंडार कमरेएवढं भरलं होतं. आनंदरावांनी एक लांबोडा, चांगला दोन हातांचा दगड घेतला, तालाच्या तोंडावर आडवा बसवला, आणि मागं सरून त्याच्याकडं बघितलं.

“झ्याक दिसतोय का न्हाई?”

“काढा,” कुंडलिक म्हणाला.

“का?”

“लांबोडा आत जातो पाव्हणं. डोंगरात. भायेर नुसतं त्वांड. आडवा ठिवला तर पाणी ढकलून देतंय.”

“एकच हाय. ऱ्हाऊ द्या की.”

“ऱ्हाऊ दे रं,” ठकुबाई म्हणाली.

“ईवायाला दगूड काढाय लावतोस?” चिमाजी कुजबुजला. “ऱ्हाऊ दे.”

माघापासून कुंडलिक हेच ऐकत होता. पहार राहू दे, खाचर राहू दे, शेजारच्या गावचा उरूस राहू दे, तिखट राहू दे, तू राहू दे. त्याच्या डोक्यात काहीतरी उकळी फुटल्यासारखं झालं. ती गाठ नव्हती, तेवढं त्याला आता कळत होतं. गाठीला जळक्या गुळाचा वास असायचा, याला कसलाच वास नव्हता. तो उठला. पहार टेकत ओढ्यात उतरला. डावा पाय मागून यायला वेळ लावत होता, पण आला. शिवेच्या दगडापाशी तो थांबला, त्याला हात लावून नमस्कार केला, आणि पलीकडं गेला.

तेवीस माणसांनी श्वास धरला.

काही झालं नाही. एक खेकडा दगडाखाली गेला.

“मोडली न्हवं शीव?” पहिल्यांदा ठकुबाई उठली. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला. “मंग म्या निघाले कामथडीला.”

“आक्का! देवक!” चिमाजी ओरडला.

“देवकाला सांग, म्हस व्याली.” आणि ती वेल्ह्याच्या वाटेला लागलीसुद्धा. तिच्यामागं मावसभाऊ उठला, त्याच्यामागं त्याची बायको. बाकीची एकमेकांकडं बघून भराभरा वहाणा शोधायला लागली.

चिमाजी काठावर एकटा उभा राहिला. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. “ह्ये देवक आता चालायचं न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “परत बसवाय लागंल. आदल्या दिशी, चारचौघांवानी. आन् तवर ह्यो गेला तर सुतक लागंल. अजून बारा दिस हायत!”

“ऐकलं का?” बनाबाई खांबाशिवाय, सगळ्यांदेखत, नवऱ्याला म्हणाली. “तुमची मोकळीक गेली. पंचमीपतुर मरायचं न्हाई.”

“बरं,” कुंडलिक म्हणाला. तो आणि आनंदराव मिळून पहारीनं तो देखणा दगड उचकटत होते.

“ह्यात भात कवा यायचं?” आनंदरावांनी दम टाकत विचारलं.

“तिसऱ्या वर्साला.”

मेहुणा हातातल्या पिल्लाकडं बघत राहिला. लांबोडा दगड निघाला, फिरला आणि डोंगराच्या अंगात शिरला. बाहेर नुसतं तोंड राहिलं. त्याच्या बाजूला फट उरली होती.

बनाबाईनं पायाखालचं एक पिल्लू उचललं, ओच्यात घेतलं आणि ओढ्यात उतरली. शिवेच्या दगडाकडं तिनं बघितलंही नाही.

“मंग तिसऱ्या वर्सापतुर न्हाई,” ती म्हणाली. “धरा.”

कुंडलिकनं डावा हात पुढं केला. त्यातली तीन बोटं अजून कामावर होती. त्यांनी धरलं.